रमाकांत हा अर्जदार बाईचा मुलगा नसल्याबद्दल

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी (वंशाधारित नागरिकत्व),
वसाहत प्रवास व नोंदणी कार्यालय,
बॅलार्ड पिअर, मुंबई.

अर्जदार : श्रीमती कमळाबाई श्रीकृष्ण परचुरे, वय ५८, विधवा, राहणार सीपरी बाजार, झाशी.

विषय : चि. रमाकांत यास जन्मदात्या वडिलांच्या वंशाने नागरिकत्व मिळावे व नैरोबीस जाता यावे, यासाठी अर्जदार बाईचे आईपण रद्द समजणेबाबत.

संदर्भ : चि. रमाकांत याच्या नावे आलेले आपले नकाराचे पत्र.

महोदय,

१. वरील पत्र इंग्रजीत आहे, सहीही इंग्रजीत आहे, पण सहीखाली टाईप केलेले नाव देवस्थळी असे आहे. ते वाचून अर्जदार बाईस धीर आला. ज्याला दत्तक म्हणजे काय, ओटी म्हणजे काय, जाऊ म्हणजे कोण, इथपासून सांगावे लागते, त्याच्यापुढे हे प्रकरण मांडून काही उपयोग नाही. आपणास ते सांगावे लागणार नाही, एवढ्या भरवशावर ती स्वतःच्या हाताने हा अर्ज करते. आधी ती कचहरीसमोर बसणाऱ्या अर्जनविसाकडे गेली होती. त्याने सगळे ऐकून घेतले, चष्मा काढला आणि म्हणाला, "अम्माजी, लोग यहाँ बेटा लिखवाने आते हैं, आप कटवाने आई हैं? हमसे नहीं होगा." म्हणून अक्षर वाईट आहे, त्याबद्दल क्षमा असावी. अर्जाची रीत मात्र तिला ठाऊक आहे. तिचे यजमान रेल्वेत गार्ड होते आणि रजेचा प्रत्येक अर्ज पाठवण्यापूर्वी तिला वाचून दाखवत असत.

२. हा अर्ज रमाकांतला न सांगता केला आहे. त्याला कळले तर तो पोस्टात जाऊन थैली उपसून काढील, इतका तो हट्टी आहे.

३. घराण्याची हकीकत थोडक्यात अशी. अर्जदाराचे मामंजी झाशीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. आफ्रिकेत नवी लाईन पडत होती तेव्हा ते नैरोबीस गेले. थोरला मुलगा श्रीकृष्ण, म्हणजे अर्जदाराचे यजमान, त्याआधीच झाशीत झाले होते. पुढे सासूबाई बोटीने तिकडे गेल्या आणि धाकटे जगन्नाथ भावोजी नैरोबीत झाले. उतारवयात सासूबाई झाशीस परतल्या. दोघांची आई एक, बाप एक, नाक सुद्धा एकच. पण आपल्या कचेरीच्या हिशेबी भावोजी इंग्रजांच्या वसाहतीत जन्मलेले, म्हणून त्यांच्या मुलाला वंशाने तिकडचे नागरिकत्व मिळते. आणि यजमान झाशीचे, म्हणून त्यांच्या मुलाला काही नाही. सासूबाईंची बोट तेव्हा चुकली असती तर आज आपणासही हा त्रास नव्हता.

४. अर्जदारास मूल झाले नाही. उपास झाले, नवस झाले, ओरछ्याच्या देवाला साकडे घालून झाले. तिची धाकटी जाऊ इंदुमती हिला मात्र लग्नानंतर लगेच मुलगा झाला, तोही इथेच, सीपरी बाजारातल्या याच बिऱ्हाडात. तो रमाकांत. भावोजी तिकडे लाईनीवर तंबूत राहत, म्हणून इंदुमती लेकराला घेऊन झाशीतच राहिली. एकीने भात लावला की दुसरीने पोराला न्हाऊ घालायचे, अशी ती वर्षे गेली. पोर कोणाच्या कडेवर जास्त असे, हे तेव्हा कोणी मोजले नाही. पोर पाचेक वर्षांचे झाल्यावर भावोजी रजा घेऊन आले आणि थोरल्या भावाचे नाव चालावे म्हणून त्याला दत्तक द्यायचे ठरले. इंदुमती तरणी आहे, तिला अजून होतील, असे सगळे म्हणाले. दत्तविधान झाले. रमाकांत जगन्नाथ होता तो रमाकांत श्रीकृष्ण झाला. शाळेत तेच नाव, रेल्वेच्या नोकरीत तेच नाव, रेशनकार्डावर तेच नाव. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावायची आपली रीत, ती आपणास माहीतच आहे.

५. दत्तविधानानंतर भावोजी इंदुमतीला घेऊन नैरोबीस निघाले. सगळे स्टेशनवर पोचवायला गेले होते. वडीलधाऱ्यांनी पोराला घरूनच पढवले होते, की आता ही तुझी आई आणि ती तुझी काकू. पंजाब मेल सुटायच्या आधी इंदुमती खिडकीतून वाकली आणि तिने हात पुढे केला. पोर अर्जदाराच्या कडेवरून ओरडले, "काकू, अच्छा!" आपण पढवलेले बरोबर म्हटले म्हणून ते खूश झाले आणि शाबासकीसाठी अर्जदाराकडे बघू लागले. इंदुमती हसली. गाडी पूल ओलांडेपर्यंत तो हात खिडकीबाहेर होता. अर्जदारास त्या दिवशी आनंदच झाला होता, खोटे कशाला बोलावे. आयुष्यात पहिल्यांदा ती स्टेशनवरून आई होऊन घरी परतत होती.

६. पुढे इंदुमतीला नैरोबीत एक मुलगा झाला, शशिकांत. तो चालायला लागला आणि तापात गेला. त्यानंतर काही झाले नाही. असल्या वेळी दुसरी एखादी म्हणाली असती, माझा दिलेला परत द्या. ती म्हणाली नाही. तिच्या पत्रात दर वेळी एवढेच असे, "चि. रमाकांत सुखरूप असेल. त्यास काकूचे आशीर्वाद सांगावेत." काकू हा शब्द ती स्वतःच्या हाताने लिही. अर्जदार ते पत्र रमाकांतला वाचून दाखवी, तो "बरं" म्हणून खेळायला पळे.

७. आता मूळ मुद्दा. भावोजी गेल्या दिवाळीनंतर वारले. इंदुमती न्हाणीघरात पडली, मांडीचे हाड मोडले, ती अंथरुणावरून उठत नाही. डोळ्यांनाही नीट दिसत नाही. रेल्वेचे क्वार्टर सोडावे लागले, शेजारच्या एका गुजराती कुटुंबाने मागच्या खोलीत जागा दिली आहे. परमेश्वर त्यांचे भले करो. त्यांच्याकडून लिहवून घेतलेले पत्र फाल्गुनात आले. त्यात लिहिले होते, "बाई, काही मागत नाही. डोळे जाण्याआधी एकदा त्याला दाखवा." इतक्या वर्षांत इंदुमतीने केलेली ही पहिली मागणी. पत्र वाचून अर्जदाराने ते रमाकांतपुढे ठेवले. रमाकांतने ते वाचले आणि तो म्हणाला, "आई, मी जातो." त्याने जावे यात कोणाचेही दुमत नव्हते.

८. त्याने आधी पाहुणा म्हणून जाण्याची परवानगी मागितली. उत्तर आले, की आजारी बाई ही कागदोपत्री आपली काकू आहे, आई नव्हे, सबब निकटचे नाते नाही. मग कोणी सांगितले की तुझे वडील नैरोबीत जन्मलेले, तुला वंशानेच नागरिकत्व आहे, फक्त नोंद करायची. त्याने नोंदीसाठी अर्ज केला. दोन्हीकडची नावे जुळेनात म्हणून त्याने दत्तकाची हकीकत खरी खरी लिहिली. त्यावर आपले पत्र आले, की दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्या बापाचा राहत नाही, त्याचा बाप झाशीचा, सबब वंश लागत नाही. महोदय, म्हणजे रमाकांतला जिला भेटायचे आहे तिचा तो मुलगा नाही म्हणून भेटायला जायचे नाही, आणि जो मेला त्याचाही मुलगा नाही म्हणून राहायलाही जायचे नाही. मग तो आकाशातून पडला काय? आपण रागावू नये. अर्जदाराचे डोके ठिकाणावर राहिलेले नाही.

९. रमाकांतने इथले वकील आबासाहेब यांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, उपाय एकच. दत्तविधान झालेच नाही, मी जगन्नाथचाच मुलगा, काकाकाकूंनी नुसता सांभाळ केला, असे प्रतिज्ञेवर लिहून दे. कोण तपासायला येणार? झाशी ते मुंबई, मुंबई ते नैरोबी, कागद पोचेपर्यंत काम झालेले असेल. रमाकांत तिथून उठून आला. त्याने जेवायला घेतले आणि पहिल्याच घासाला म्हणाला, "आईला नाही म्हणून आईकडे जाऊ? तसला जाणार नाही मी." तेव्हापासून तो त्या विषयावर बोलत नाही. हापिसात जातो, येतो, ओट्यावर बसून राहतो. इंदुमतीच्या पत्राला त्याने उत्तरही लिहिलेले नाही, कारण काय लिहावे ते त्याला सुचत नाही. तिकडे ती डोळे सांभाळून वाट पाहत असेल. हे अर्जदारास सहन होत नाही. पोर नाही म्हणत नाही, तर आईने म्हणावे, असा विचार करून ती दत्तविधान रद्द ठरवण्याची कारणे पुढे देते. एकूण एक खरी आहेत. कोणतेही एक धरावे.

(अ) मुहूर्त टळला होता. भटजी एरचहून यायचे होते, बेतवेला पूर होता, नाव मिळाली नाही. ते पोचले तेव्हा घटका उलटून गेली होती. यजमान म्हणाले, आता घ्या उरकून. उरकून घेतलेला विधी हा विधी नव्हे.

(आ) होमाच्या वेळी दत्तक घेतलेला मुलगा पाटावर हजर नव्हता. लाकडे ओली होती, धूर झाला, पोराच्या डोळ्यांत पाणी आले, ते रडू लागले. अर्जदाराने कोणाला न विचारता त्याला उचलले आणि अंगणात नेऊन ओल्या पदराने त्याचे डोळे पुसत बसली. आत भटजी हाका मारत होते. ती गेली नाही. निम्म्या आहुत्या रिकाम्या पाटासमोर पडल्या.

(इ) देणारीची राजीखुशी नव्हती. इंदुमतीने मुलाला अर्जदाराच्या ओटीत ठेवले, पण तिचा एक हात त्याच्या पाठीखाली राहिला. सगळे वाट पाहत होते. तो हात सुटेना. शेवटी सासूबाईंनी तो धरून काढला. हे कोणी बोलले नाही, पण अर्जदाराने पाहिले आहे, कारण तो हात तिच्या मांडीवर होता. अजून आहे.

(ई) अर्जदार आई म्हणून लायक नव्हती. रमाकांत एकदा न सांगता लोको शेडमध्ये इंजिने बघायला गेला, सगळी सीपरी धुंडाळून झाली, मग कोळशाने माखून परत आला. अर्जदाराने त्याला लाटण्याने मारले. नंतर ती स्वतःच रडत बसली आणि पोराला तिची समजूत घालावी लागली. त्याला विषमज्वर झाला तेव्हा उशाशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. खऱ्या आईचा लागला असता काय? मॅट्रिकच्या परीक्षेच्या दिवशी तिच्या हातून दहीसाखर द्यायची राहिली. ती वाटी घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत धावली आणि चौकीदाराने "माई, पर्चा शुरू हो गया" म्हणून हाकलली. असे किती सांगावे.

(उ) मुलगा अंगाने जगन्नाथ भावोजींचाच आहे. ते डावखुरे, हाही डावखुरा. अर्जदाराने त्याला उजव्या हाताने जेवायला शिकवण्याचा फार प्रयत्न केला, जमले नाही. आजही कोणी बघत नसले की तो घास डाव्या हाताने घेतो. अर्जदार न बघितल्यासारखे करते. आपण त्याला मुंबईस बोलावून त्याच्यापुढे ताट ठेवावे. वंश कोणाचा ते आपोआप दिसेल.

१०. इतके करूनही दत्तक कायम धरायचाच असेल, तर अर्जदारास एक बोलू द्यावे. आपण मुंबईत असता, ती झाशीत राहते. दत्तक मुलगा हा मुलगा नव्हे, असे याच इंग्रज सरकारने एकदा या गावाला कळवले होते. त्या नाही म्हणण्यापायी इथे काय झाले, ते किल्ल्याच्या भिंतीवर अजून दिसते. तेव्हा माना, माना म्हणून सगळे गाव ओरडत होते, तर मानले नाही. आता एक म्हातारी बाई पदर पसरून म्हणते आहे, नका मानू, तर यांना शास्त्र आठवले! झाशीच्या दत्तकाशी सरकारचे काय वाकडे आहे ते एकदा सांगून तरी टाकावे. हा परिच्छेद उद्धट वाटल्यास वगळून वाचावा, पण बाकीचा अर्ज त्यामुळे नामंजूर करू नये. हात जोडते.

११. आणखी एक गोष्ट आहे आणि ती मागताना अर्जदारास लाज वाटते. रमाकांतला तिकडचे नागरिकत्व मिळाले तर इकडचे जाईल काय? आबासाहेब म्हणतात, जे वंशाने येते ते मागून घेतलेले नसते, जन्मापासूनच अंगावर असते, म्हणून तो दोन्हीकडचा राहू शकेल. पण दिल्लीचे लोक याला काय म्हणतील ते त्यांना सांगता येत नाही. अर्जदाराची विनंती आहे की त्याला दोन्हीकडचा राहू द्यावे. एक माणूस दोन देशांचा कसा असेल, असे साहेब लोक विचारतील. त्यांना सांगावे, की सीपरी बाजारात एक मुलगा पाच वर्षे दोघींचा होता. दोघींनी त्याला भरवले, दोघींनी न्हाऊ घातले, त्याचे काही वाईट झाले नाही. कागद आला तेव्हा तो एकीचा झाला. इंदुमतीपाशी तो राहील तितका राहू दे, तिचे डोळे मिटेपर्यंत राहू दे. फक्त मागे यायचा रस्ता बंद करू नका. तो आलाच पाहिजे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. त्याला यावेसे वाटले आणि बंदरावर कोणी त्याला म्हटले, की तू इथला नाहीस, तर काय, इतकेच तिच्या मनात येते.

१२. सबब विनंती अशी : दत्तविधान झाले नाही असे समजावे, रमाकांत हा कै. जगन्नाथ परचुरे यांचा मुलगा धरावा. त्याचे कागद लवकरात लवकर करावेत, कारण तिकडे एक बाई हळूहळू आंधळी होत आहे. रमाकांतला कळवताना आईने लिहून दिले असे कळवू नये, कचेरीने फेरविचार केला असे कळवावे. तेवढे एक खोटे आपण आपल्या अंगावर घ्यावे. अर्जदाराने या अर्जात एकही लिहिलेले नाही. आईपण सोडते, हे मात्र लिहून झाल्यावर तीनदा वाचले, आणि ते खरे की खोटे हे तिचे तिलाच कळलेले नाही.

१३. शेवटचे. आपल्या छापील फॉर्मात एक रकाना आहे, हिंदुस्थानात मागे राहणारे नातलग, नाव आणि नाते. रमाकांतने तिथे अर्जदाराचे नाव घालून पुढे आई असे भरले होते. तो रकाना आता खोडावा लागेल, हे तिला समजते. पण तो रिकामा ठेवू नये. इतका लांब जाणाऱ्या माणसाच्या मागे कोणीच नाही, असे दिसणे बरे नव्हे. जन्माच्या नात्याने पाहिले तर अर्जदार ही त्याच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको लागते, आणि ते नाते कोणताही कागद रद्द करू शकत नाही. तेवढे लिहावे. इंदुमतीने हे नाते पंचवीस वर्षे तोंडातून ब्र न काढता निभावले. अर्जदारालाही जमेल.

सोबत :
१) दत्तविधानाचे मूळ पत्र. फाडायचे ते कचेरीत फाडावे. अर्जदाराच्याने झाले नाही.
२) इंदुमतीचे पत्र. हे मात्र वाचून परत पाठवावे.

स्थळ : झाशी
दिनांक : ११ जून १९६१

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

कमळाबाई श्रीकृष्ण परचुरे
(चि. रमाकांत जगन्नाथ परचुरे याची काकू)